भंडारा लावलेला माईक

"आदी माईकाला भंडारा लावू दे, मग मला आवाज दे."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही माईक हातात घेतला की माझा अंगठा हळद शोधतो. आक्का कमरेची पिशवी सोडायची, चिमूटभर भंडारा काढायची आणि आधी माईकाच्या जाळीला, मग मिक्सरला, मग लॅपटॉपला लावायची. बोटाला उरलेला माझ्या कपाळाला. बटणांच्या फटीत हळद गेली की ती कुरकुरतात. पुढचे दोन दिवस मी बारीक ब्रश घेऊन हळद काढत बसायचो आणि देवीला सोडून सगळ्यांना शिव्या द्यायचो.

"आक्का, यंत्र हाय हे. देव न्हवं."

"तुझ्या पोटाला कोण घालतंय?"

"ह्येच की."

"मग देव कसा न्हाय?"

यावर तुम्ही काय बोलला असता? मी कपाळ पुढं करायचो.

तुम्ही बेळगाव-निपाणीकडचे असाल तर आक्कासारखी माणसं तुम्ही पाहिली असतील. जन्मानं पुरुष, पण यल्लम्माला वाहिलेली, लुगडं नेसणारी, डोक्यावर देवीचा जग घेऊन दारोदार जोगवा मागणारी. जग म्हणजे टोपलीत बसवलेला देवीचा मुखवटा, मागं मोरपिसं लावलेला. कन्नडमध्ये जोगप्पा म्हणतात, आमच्याकडं जोगत्या. बायका तिला आक्का म्हणायच्या, जुनी माणसं आप्पा म्हणायची. मी ओळख झाल्यावर सरळ विचारलं, मी काय म्हणू? ती म्हणाली, "चा पाजणार असशील तर आक्का म्हण, गाडी ढकलायची असली तर आप्पा म्हण." मी चहा मागवला. तेव्हापासून ती आक्का.

ती मात्र सगळ्यांना अरे-तुरे करायची. मला 'अण्णा' म्हणायची आणि लगेच पुढं 'रं' लावायची. आमदाराला सुद्धा असंच बोलली होती एकदा. आमदार हात जोडून उभे होते.

माझं बेळगावात खासबागेत मंडप आणि साउंडचं दुकान आहे. आमचं घर मूळचं मागवाल्यांचं, विणकरांचं. आजूबाजूला दिवसभर मागांचा खडखडाट, त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढून ऐकायचा, यातच माझा कान तयार झाला. या कानाचा मला फार गर्व होता. 'होता' म्हणतोय, लक्षात ठेवा.

एका रविवारी, बाजाराच्या दिवशी, ती जग घेऊन दुकानाच्या पायरीवर आली. मी सुपारी-तांदूळ आणायला आत वळलो तर म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. तुझा माईक एका जागी हुबा ऱ्हातोय. मी न्हाय ऱ्हात. मला हलणारा माईक पायजे."

तिच्या काखेत चौंडकं होतं. एका तारेचं वाद्य, तारेवर काडी मारत वाजवायचं, घुमतं चांगलं पण गर्दीत कुणाला ऐकू जात नाही. मी एक बारीक, शर्टाच्या बटणाएवढा माईक त्याच्या लाकडाला आतून चिकटवून दिला. तिनं काडी मारली. स्पीकरमधून जो घुमारा निघाला त्यानं समोरचा भाजीवाला उठून उभा राहिला. आक्कानं आधी स्पीकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मोठ्यानं हसली. "आयला, देवीचा घसा मोकळा झाला रं!" मग चौंडक्यातल्या त्या बटणालाही भंडारा लागला.

तिथून तिला नादच लागला. आठवड्याला एक नवी मागणी. एकदा म्हणाली, लोक देवीकडं बघत्यात, पर देवीला काय दिसतंय ते कुणालाच ठावं न्हाय. मला वाटलं काहीतरी अध्यात्म असेल. तिला मोबाईल पाहिजे होता. माझ्या ड्रॉवरमधला जुना फोन आम्ही जगाच्या मोरपिसांत बसवला, कॅमेरा बाहेर करून, आणि त्यातलं चित्र समोरच्या पांढऱ्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. आक्का जग डोक्यावर घेऊन लोकांसमोर नाचायला लागली की पडद्यावर लोकच दिसायचे, देवीला दिसतात तसे. हात जोडलेले. आपण हात जोडतो तेव्हा कसे दिसतो हे आपण कुठं पाहिलेलं असतं? पहिल्या वेळी एका गृहस्थांनी स्वतःला पडद्यावर बघून तोंडातली तंबाखू गडबडीनं गिळली आणि पुढची दहा मिनिटं ते खोकत होते.

दुसरं यंत्र पायाखालचं. एक पट्टी पायानं दाबली की गायलेलं त्यात साठतं आणि पुन्हापुन्हा वाजत राहतं. आक्कानं त्याचं नाव पायपेटी ठेवलं. आधी खाली खर्जात एक ओळ गायची, ती फिरत ठेवायची, आणि तिच्यावर वरच्या पट्टीत दुसरी ओळ. कधी मराठी, कधी कन्नड. दोन माणसं जोगवा मागतायत असं वाटायचं. ती म्हणायची, खाली आप्पा हाय, वर आक्का हाय, दोगांचं भांडान न्हाय.

बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि त्या हरखून गेल्या. "हे तर परफॉर्मन्स आर्ट आहे!" त्या मला म्हणाल्या. मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आज्याच्या आज्यापसनं करतोय, नावच ठेवायचं ऱ्हायलं हुतं." पण बाईंशी तिचं जमलं. बाईंनी शाळेत, मग गोव्यात एका ठिकाणी तिचे कार्यक्रम ठरवले. माझी गाडी, माझं सामान, कणकुंबीच्या घाटातून वळणं घेत आम्ही जायचो आणि मागं जग आपटू नये म्हणून आक्का तो मांडीवर घेऊन बसायची.

त्या गाडीतच तिनं मला घरचं सांगितलं. निपाणीच्या अलीकडचं एक गाव. आई विड्या वळायची, आणि वळताना हिला म्हणायची, म्हण रं काय तरी, हात चालतोय. मग ही गायची. एकोणिसाव्या वर्षी अंगात आलं, देवीनं बोलावलं, लुगडं नेसली. बापानं घराबाहेर काढलं. बाप गेला, थोरल्या भावानं दार तसंच बंद ठेवलं. ती गावात जोगवा मागायला जायची तेव्हा प्रत्येक घरातली बाई बाहेर येऊन तिची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण. तिच्या स्वतःच्या घराचं दार तेवढं लागलेलं असायचं.

"साऱ्या गावानं वटी भरली रं अण्णा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एका घरानं न्हाय. लेकीची वटी म्हायारानं भराय पायजे. गावानं भरून काय करायचं?"

मी गाडी चालवत होतो. मी विषय बदलला, तिच्या आवाजाबद्दल विचारलं. तिचा आवाज जाड होता, घोगरा, बोलताना तर अगदी शेतातल्या गड्याचा. मी म्हणालो, आक्का, वरच्या पट्टीत गातेस तसं बोलायची सवय का करत नाहीस?

"लुगडं देवीचं. बांगड्या देवीच्या. क्यास देवीचं," ती म्हणाली. "आवाज तेवढा आईच्या घरचा हाय. त्यो ऱ्हाऊ दे."

हे मी ऐकलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं होतं. पुढं जे घडलं ते वाचताना हे विसरू नका. मी विसरलो होतो.

तीन वर्षं झाली. बाईंनी निपाणीत एका सभागृहात दुपारचा कार्यक्रम ठरवला. आक्का आठ दिवस आधीपासून घाईत. कधी नव्हे ते तिनं मला विचारलं, "बसायला खुर्च्या हायत न्हवं? तिसऱ्या रांगेत दोन जागा ठेव. माजी पावणी येणार हाय." कोण ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्हाला आत्ताच सांगतो, ती पाहुणी म्हणजे तिची आई. म्हातारीचे डोळे गेले होते, काचबिंदूनं. भावजयीनं नवऱ्याला सांगितलं, आत्तींना डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवून आणते, आणि सासूला घेऊन ती निपाणीत आली. कार्यक्रमाच्या शेवटी आक्का जग घेऊन खाली उतरायची, बायका तिची ओटी भरायच्या. हे सगळीकडंच व्हायचं. या वेळी आई भरणार होती. लेकरू दिसणार नव्हतं, पण आवाज ओळखायला डोळे कशाला लागतात?

सकाळी आम्ही माईक तपासत होतो. आक्का रंगमंचावरून म्हणाली, "अण्णा, येतोय काय रं आवाज?" सभागृहभर तो जाड आवाज घुमला. दाराशी दोन माणसं उभी होती, चांगली इस्त्रीच्या कपड्यांतली. त्यांतला एक म्हणाला, "लुगड्यातनं बैल वरडाय लागलाय बग." दोघं हसली. आक्कानं ऐकलं की नाही माहीत नाही, ती पिशवीतून भंडारा काढत होती. मी ऐकलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आता मागवाल्याच्या घरातली सवय सांगतो. सुतात गाठ आली की ती हातानं चाचपून काढायची. गाठ राहिली तर कापडात दिसते आणि गिऱ्हाईक नाव ठेवतं. माझे वडील दिवसभर तेच करायचे. मीही आयुष्यभर आवाजांतल्या गाठी काढत आलो. नवऱ्यामुलाच्या मामाचा चिरका आवाज, भाषणकर्त्याची धाप, सगळं मऊ करून देतो, लोक खूश होतात. त्या महिन्यात मी नवा मिक्सर घेतला होता. त्यात आवाजाची पट्टी उचलायची सोय होती. दुपारी लोक भरले, ती इस्त्रीवाली माणसंही पुढं येऊन बसली, आणि मी एक बटण फिरवलं. आक्काचा आवाज लोकांकडं जाताना वर उचलला, पातळ केला, घोगरेपणा काढून टाकला. अगदी गोड बाईचा आवाज. तिच्या पायाशी जो स्पीकर होता त्यात मात्र मूळ आवाजच सोडला आणि तो मोठा केला, म्हणजे तिला कळू नये.

प्रेमानंच केलं. दुसऱ्या कशानं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान स्वतःला शिव्या तरी नीट देता आल्या असत्या.

कार्यक्रम फार रंगला. कुणी हसलं नाही. पायपेटीवर दोन ओळी फिरत होत्या, पडद्यावर सभागृह हात जोडून बसलेलं दिसत होतं. त्याच पडद्यावर मी तिसरी रांग पाहिली. एक म्हातारी, डोक्यावरून पदर, मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मग तिनं शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. बाईनं मान हलवून काहीतरी समजावलं. म्हातारीनं पुन्हा कान दिला, आणि मग ती उठली. भिंत चाचपत दोघी बाहेर गेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला लघवीला जायचं असेल.

आक्का जग घेऊन खाली उतरली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. पडद्यावरही त्या दोन खुर्च्याच दिसत होत्या. बाकीच्या बायकांनी ओटी भरली, ती घेतली, पण नाचली नाही.

भावजय तिला बाहेर भेटली. वायरी गुंडाळत मी तिथंच होतो. भावजय रडत होती. "आत्ती म्हणाल्या, ह्यो माझ्या पोराचा आवाज न्हवं. कुणा दुसऱ्या बाईला गायला लावून मला फसवतीस व्हय? म्या लई सांगितलं, पर त्येंनी ऐकलंच न्हाय. रिक्षात जाऊन बसल्यात."

आक्का माझ्याकडं आली. "अण्णा, भायेर माझा आवाज कसा येत हुता रं?"

मी वायर गुंडाळत राहिलो. सांगता आलं असतं. रिक्षा अजून फाटकापाशी उभी होती, वीस पावलांवर. आक्का तिथं जाऊन नुसतं 'आई' म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की तुझ्या आवाजाची मला लाज वाटली. माझ्या तोंडून निघालं, "जसा हाय तसा."

तिनं मान हलवली. माझ्या कानावर तिचा विश्वास होता. रिक्षा गेली.

पंधरा दिवसांनी ती दुकानात आली. पायपेटी आणि फोन काउंटरवर ठेवला, चौंडक्यातून बटण काढून तेही ठेवलं. मी म्हणालो, आक्का, हे काय? ती म्हणाली, "समदं बदललं रं, आवाज तेवढा तसाच ठेवलाय असं मला वाटत हुतं. आईनं वळखला न्हाय म्हंजी त्यो बी गेला. कवा गेला काय की." ती चिडली नव्हती, हे फार वाईट होतं. हरवलेली वस्तू कुठं पडली असेल याचा विचार करावा तशी ती बोलत होती. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत सांगू असं ठरवलं. चहा आला, तिनं प्यायला, आणि मी हवापाण्याचं बोललो. जाताना तिनं कशालाच भंडारा लावला नाही. मी कपाळ पुढं करून उभा होतो.

त्यानंतर ती दिसली नाही. फोन बंद. चित्रकलेच्या बाईंनाही पत्ता नाही. पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन मी जोगत्यांच्या घोळक्यात विचारलं. कुणी म्हणालं गोव्याला गेली, कुणी म्हणालं पुण्याला. एक म्हातारी जोगतीण म्हणाली, ती गात न्हाय आता, नुसतं जग घेऊन बसती, तिला काय हुडकतोस?

सात-आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी नव्या मिक्सरमधला पेनड्राइव्ह उघडला. त्या मिक्सरची आणखी एक सोय होती, प्रत्येक माईकाचा आवाज जसा येतो तसा, काही न करता, तो आपोआप साठवून ठेवतो. निपाणीची दुपार त्यात होती. गाठींसकट.

मी छोटा स्पीकर घेतला आणि तिच्या गावाला गेलो. भाऊ घरी नव्हता. भावजयीनं मला ओळखलं. म्हातारी पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. डोळे समोर कुठंतरी, बोटं मात्र बिनचूक. मी काही न बोलता स्पीकर तिच्यापुढं ठेवला आणि लावला.

पहिल्या ओळीला तिची बोटं थांबली. सगळं संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "आनी एकदा लाव." मी लावला. दुसऱ्या वेळी तिनं हात पुढं करून स्पीकर चाचपला, त्याच्या जाळीवर तळवा ठेवला, आतून आवाजाची थरथर लागते ना, ती लागेल असा.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, हसणारी माणसं, बटण, 'जसा हाय तसा'. आक्काला जे सांगायला हवं होतं ते तिच्या आईला सांगितलं. म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती सूप बाजूला ठेवून उठली, भिंतीच्या आधारानं आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात हिरवा खण आणि नारळ होता.

"त्या दिशी बी न्हेला हुता," ती म्हणाली. "पदराखाली धरून बसली हुती. परत आनला. लेकीचा हाय, तिला पोचता कर."

लेकीचा म्हणाली. मी दोन्ही हातांनी घेतला.

खण-नारळ माझ्याकडंच आहे. माईकाच्या पेटीत, वरच्या कप्प्यात. ती पेटी घेऊन मी कार्यक्रमांना जातो आणि सुरू करण्याआधी माईकाला चिमूटभर भंडारा लावतो. लोक विचारतात, मी सांगत नाही. मिक्सरची बटणं कुरकुरतात. साफ करत नाही.

दर पौर्णिमेला भावजयीचा फोन येतो. "आत्ती इचारत्यात, पोचलं काय?" मी म्हणतो, न्हाय, अजून न्हाय. आता एवढं तरी खरं बोलतो. मग फोन ठेवून पेटी उघडून नारळ हलवून बघतो. आत पाणी वाजेनासं झालं की नवा आणून ठेवतो. हा तिसरा आहे.